खेचर दिवसाला किती चालतं

३ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी दातवालीने दिली. दातवाली म्हणजे लेकीची मैत्रीण, दातांची डॉक्टर. औषधकंपन्या तिला ढीगभर डायऱ्या देतात, त्यातली ही एक वर्ष संपत आलं तरी तशीच पडून होती. वर एक दाढ हसते आहे, तिला हातपाय पण आहेत. आधीच्या दहा महिन्यांची पानं कोरी आहेत. ती तशीच राहू देत. त्या दहा महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लेक म्हणाली, "आई, तू शिवताना मशीनशी बोलत असतेस. ते जरा कागदावर बोल." मशीन निदान उलट विचारत नाही.

आज दुपारी लेक, दातवाली आणि मास्तर माझ्यासमोर ओळीनं बसले. मला वाटलं, मागणी घालायला आलेत. मास्तर शाळेत विज्ञान शिकवतो. वयानं लेकीएवढाच, पण चेहरा कायम पेपर तपासत असल्यासारखा. तर मागणी निघाली खेळाची. हे होते तेव्हा दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर चौघांचा एक खेळ चालायचा. मी खिडकीशी शिवत बसायची आणि फाशांचा आवाज ऐकायची, लक्ष नसायचं. मास्तर एक जग रचून सांगतो. त्यात डोंगर, नद्या, गावं. बाकीचे त्या जगातली माणसं होतात. दातवाली कुऱ्हाडवाली राक्षसीण. लेक निरोप पोहोचवणारी मुलगी, जासूद. आणि हे म्हातारा खेचरवाला. डोंगरापलीकडच्या गावात तापाची साथ आहे. ह्या तिघांनी औषधाची पेटी तिथं न्यायची, बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत. वाटेत असतानाच हे गेले आणि खेळ थांबला.

आता तो पुरा करायचाय म्हणे, आणि खेचरवाला मी व्हायचं.

"ह्यात जिंकतं कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही, काकू."

"मग हरतं कोण?"

"तसं नसतं हो," दातवाली म्हणाली.

"मग थांबायचं कधी?"

"गोष्ट संपली की. डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपवू."

"एवढी घाई कसली?"

तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग मास्तरनं बिस्किट घेतलं. मी हो म्हटलं. का म्हटलं, कळत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मी शाळेत चौथीपर्यंत होते. बाकीचं वाचन पुड्यांच्या कागदांवर केलं. वाणसामान आलं की पुडी सोडायची, सामान डब्यात आणि कागद माझ्याकडे. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींचे मधले भाग माहीत आहेत, शेवट माहीत नाहीत. लग्नानंतर ह्यांनी वाचनालयाचं कार्ड काढून दिलं. पहिलं अख्खं पुस्तक संपलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं होतं. इतकी वर्षं माझ्या गोष्टी संपल्याच नव्हत्या.

खेळाचं पुस्तक इंग्रजीत आहे. लेकीनं प्रवासाचं पान मराठीत लिहून दिलं. पायी चालणारा दिवसाला चोवीस मैल जातो. घाईनं गेला तर तीस, जपून गेला तर अठरा. बस्स. कोण चालतोय, कुठल्या चपलेत, काय खाऊन, काही नाही. मी दोनदा वाचलं. पान मागे उलटून बघितलं, कोरं होतं.

१० नोव्हेंबर, रविवार

नकाशा चादरीएवढा आहे. त्यावर सहा कोनांची घरं, मधमाशीच्या पोळ्यासारखी. माणसं म्हणजे माझ्याच डब्यातली बटणं. दातवालीचं लाल, कोटाचं. लेकीचं छोटं पांढरं, शर्टाचं. ह्यांचं तपकिरी, वर्दीचं. ह्यांनी अख्खी नोकरी लांब पल्ल्याची बस चालवली, त्या वर्दीचं. मास्तरनं खेळ थांबला तेव्हा नकाशावर पेन्सिलीनं तीन ठिपके करून ठेवले होते. आज बटणं त्यावर ठेवली.

"तुम्ही नदीकाठी आहात," मास्तर म्हणाला. "सकाळ झाली आहे."

मी म्हटलं, "मागच्या डिसेंबरपासून ह्यांना इथंच उभं केलंयत. खेचराला दाणापाणी कुणी केलं?"

लेक बटणाकडे बघत होती.

"काकू, खेळात मधे वेळ गेलेलाच नाही," मास्तर हळू म्हणाला. "काल मुक्काम केला, आज उठलात."

"एकाच रात्रीत?"

"एकाच रात्रीत."

मी चहा टाकायला उठले. असं थांबवता येतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

परत आले तर मास्तर बटणं पुढे सरकवत होता. एक घर सहा मैलांचं, दिवसाला चार घरं. टक, टक, टक, टक. मी त्याचा हात धरला.

"अरे, अजून सामान बांधलं नाही. खेचरावर ओझं चढवायला वेळ लागतो की नाही? आणि ते चरणार कधी?"

"चरलं असेल."

"कधी? तुझ्या टक आणि टकच्या मधे?"

दातवाली इतकी हसली की तिच्या बिस्किटाचा भुगा झाला. लेकही हसली. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली. खेचराचं नाव साहेब आहे. डेपोतल्या साहेबावरून ह्यांनी ठेवलं होतं, दोघंही ढकलल्याशिवाय हलत नाहीत म्हणून.

आज एक घर झालं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "खेचरांवर स्वतंत्र काही नाही, काकू. गाईम्हशींच्या कपाटात बघा, नाहीतर लढायांच्या." गाईम्हशींत काही मिळालं नाही. लढायांत पुष्कळ मिळालं. जुन्या फौजांबद्दल लिहिलंय की घोडेस्वार पहिले दोन दिवस पुढे असतात, मग दाणा नसला की घोडा थकतो आणि पायी माणूस त्याला गाठतो. जनावर जेवढं ओझं नेतं, त्यातलं बरंचसं त्याचं स्वतःचं खाणंच असतं. प्रवास लांबला की ते वाटेतच आपलं ओझं खाऊन संपवतं. मग नेतं तरी काय?

एका ठिकाणी होतं की फौज तिच्या बैलांच्या चालीनं चालते. सगळ्यात हळू जो, त्याच्या चालीनं सगळे. मी ते वाक्य उतरवून घेतलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज मी तयारीनं बसले. मास्तरला घोड्यांचं सांगितलं, दाण्याचं सांगितलं, दिवस लहान झालेत ते सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे, काकू," आणि चार घरांची दोन केली. मग ओढा आला. मी म्हटलं, साहेब खोल पाण्यात उतरणार नाही, उतार शोधावा लागेल. उतार शोधण्यात दिवस गेला.

"काकू, मी राक्षसीण आहे," दातवाली म्हणाली. "खेचर उचलून पलीकडे ठेवते ना!"

"ठेव. मग संध्याकाळी तू एकटी सगळ्यांचा शिधा खाशील. राक्षसिणीला भूक किती लागते, ते लिहिलंय का पुस्तकात?"

"लिहिलेलं नाही."

"मग बस खाली."

पलीकडे गेलो तर साहेबाचा नाल निघालेला. तो फासा मी स्वतः टाकला, कुणी म्हणू नये. एक आला.

"असं चाललं तर अजून चार रविवार यावं लागेल," दातवाली चपला घालताना म्हणाली.

"या की. बिस्किटं आणून ठेवते."

लेक माझ्याकडे बघत होती. विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गोंधळ आहे. लेक दुपारी गॅलरीत फोनवर होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथून आज लवकर आली होती. मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले तर कानावर आलं, "मी अजून हो म्हटलेलं नाही... आईला सांगितलेलं नाही ना. तिला एकटीला कसं... हो, दहा तारखेपर्यंत कळवते."

मी उलटपावली आत आले. कपडे बाहेरच राहिले.

म्हणजे कुणीतरी मागणी घातली आहे. कोण? घरात येणारा मुलगा म्हणजे मास्तर एकच. त्या दिवशी ओळीनं बसले होते ते उगाच नाही. मग मला का सांगत नाहीत? मला मास्तरमध्ये काय खोट दिसणार आहे? चपला दारात नीट लावतो. फक्त त्याला घाई फार. संसारात चार चार घरं एकदम टाकून कसं चालेल?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

खेचरवाल्याचं काम करायचं तर चालून बघावं, असं मनात आलं. ह्यांच्या जुन्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि कालव्याच्या रस्त्यानं निघाले. पंपघरापर्यंत छान वाटलं. मग डाव्या चपलेचा अंगठा चावायला लागला. बाटलीतलं पाणी प्यायलं म्हणजे ओझं कमी होईल, म्हणून प्यायले. मग दुसरीच अडचण झाली. कालव्याच्या कडेला आडोसा कसला! परत रिक्षानं आले. रिक्षावाल्यानं विचारलं, "पिशवीत काय आहे, काकू?" मी पाणी म्हटलं. तो आरशातून बघत राहिला.

नवीन इमारतीपाशी एकाची गाढवं वाळू वाहतात. येताना त्यालाही विचारलं, बाबा रे, जनावर दिवसाला किती चालतं? तो म्हणाला, "चालतं तेवढं चालतं, आजी. मग थांबतं." ह्याचं काय लिहून घेणार?

पायाला दोन फोड आले आहेत. लेकीनं मलम लावलं. लावताना म्हणाली, "मी नसताना असं काही करत जाऊ नकोस." मी म्हटलं, अगं, तू कामावर असतानाच गेले ना! ती मलमाची डबी बंद करत बसली. झाकण कितीतरी वेळ लागत नव्हतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मास्तर चिडला. शिकवणाऱ्या माणसाचं चिडणं, आवाज उलट खाली जातो.

"काकू, गोष्टीत माणूस निघतो आणि पोहोचतो. मधलं गाळतात. नाहीतर गोष्ट पुढे जाणार कशी?"

"मधलं गाळलं तर उरलं काय? दोन गावं."

"दोन गावंच हवीत! पुस्तक लिहिणाऱ्यांना माहीत नाही का, खेचराला भूक लागते? त्यांनी मुद्दाम चोवीस मैल धरलेत, म्हणजे खेळणारा चालण्यात अडकून पडू नये. पलीकडे लोक तापानं फणफणलेत आणि आपण तीन रविवार नाल ठोकतोय."

त्याचं खोटं नव्हतं. त्या गावातल्या लोकांचा मी विचारच केला नव्हता. मला राग आला तो मग कशाचा?

"दोन दिवसांत पोहोचता, असं सांगायला तुझं काय जातं!" मी म्हटलं आणि खिडकीशी जाऊन बसले. मशीन सुरू केलं. धागा ओवलेला नव्हता.

मला मागच्या वर्षीचं आठवलं. मी बहिणीकडे होते. फोन आला, ह्यांना दवाखान्यात नेलंय. सगळे म्हणाले, तीन तासांत पोहोचाल. बहिणीच्या नवऱ्यानं नकाशा दाखवला, त्यावरही तीन तास. मी ते तीन तास धरून बसले. पण रेल्वेचं फाटक पडलेलं होतं, पुढे एक ट्रक आडवा झालेला, मग बस बदलायची होती आणि ती बस यायची होती. पोहोचले तेव्हा ह्यांचा चेहरा झाकलेला होता. लेक बाहेर बाकावर बसली होती. तिनं इतकंच म्हटलं, "बाबा विचारत होते, कुठवर आली?"

त्याचा ह्या खेळाशी काही संबंध नाही. उगाच आठवलं.

मास्तर जाताना मशीनपाशी आला. "सॉरी, काकू. पुढच्या वेळी साहेबाला मी दाणा घालीन." चांगला मुलगा आहे. जावई म्हणून चालेल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लेक मला फोनवरून विजेचं बिल भरायला शिकवते आहे. काल गॅस नोंदवायला शिकवलं. परवा बँकेचं. मी म्हटलं, हे तू करतेसच की. म्हणाली, तुला यायला हवं. तिच्या कपाटात लोकरीचे मोजे दिसले, जाड, नवेकोरे. आपल्याकडे एवढी थंडी कुठं असते? मास्तरचं घर फार गार असेल काय?

आज मोज्यांच्या खालीच एक जाडजूड पाकीट होतं. मी बघितलं नाही. दुसऱ्याची पाकिटं उघडायची मला सवय नाही. आता वाटतं, बघायला हवं होतं.

१ डिसेंबर, रविवार

आज काही नीट झालं नाही. मास्तरनं कागदावर हिशेब करून दाखवला. ह्या चालीनं गेलो तर आपण घाटाच्या तोंडाशी पोहोचू तेव्हा बर्फ पडून घाट बंद झालेला असेल. मग उन्हाळ्यापर्यंत रस्ता नाही. "पुढचा रविवार शेवटचा," तो म्हणाला. "मी माझ्याकडून हवा चांगली धरली आहे."

लेक म्हणाली, "नाही पोहोचलो तर नाही. आपण सगळे इथंच राहू. हे रान वाईट नाही."

"आणि पेटी?" दातवालीनं विचारलं.

"दुसरं कुणीतरी नेईल."

"तुझ्या नावानं दिलेली आहे ती. तू एवढी वर्षं त्यासाठी शिकलीस, परीक्षा दिल्यास. दुसरं कोण नेईल?"

"मला कुणाला मागे टाकून जायचं नाहीये!"

"मग स्पष्ट सांग ना एकदा! सगळ्यांना सांग!"

मास्तर फासे हातात खुळखुळवत होता, टाकत नव्हता. जासूद मुलीनं परीक्षा कधी दिल्या, हे मला आठवेना. मागच्या वर्षी दिल्या असतील. मी म्हटलं, "अगं, भांडू नका. पेटीला उशीर होतोय तो खेचरामुळे, तिच्यामुळे नाही."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. दातवाली काहीतरी बोलणार होती, लेकीनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. मला दिसलं. टेबल काचेचं आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

आज वर्ष झालं.

७ डिसेंबर, शनिवार

लढायांचं पुस्तक परत द्यायचं म्हणून एकदा चाळलं. बैलांच्या चालीचं वाक्य पुन्हा वाचलं. सगळ्यात हळू जो, त्याच्या चालीनं सगळे. मी ते आजवर साहेबाला लावत आले. पण पुढच्याच पानावर आहे की खेचर चढावर घोड्यापेक्षाही चांगलं चालतं, थोड्या दाण्यावर भागवतं आणि अवघड जागी पाय घसरू देत नाही. मग आमचं अडलंय ते कशावर? राक्षसीण दमत नाही. जासूद तर धावणारीच. मी शिवणाच्या खडूनं टेबलावर साहेब धरून चौघांची नावं लिहिली आणि एकेक पुसत गेले.

८ डिसेंबर, रविवार

जमेल तसं लिहिते. अजून माझं मलाच नीट समजलेलं नाही.

सगळे बसले. बटणं घाटाच्या अलीकडे, खालच्या रानात. मास्तर म्हणाला, "आभाळ भरून आलंय. काय करता?"

मी विचारलं, "खेचरवाल्याचं वय काय लिहिलंय?"

"सत्तर."

"मग साहेब अडवत नाहीये. तो अडवतोय."

मास्तरनं मान डोलावली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, काकू. पण काकांचा माणूस तो. मी कसं म्हणणार?"

मी म्हटलं, "मग लिहून घे. खेचरवाला सगळं ओझं उतरवतो. तंबू, भांडी, शिधा, सगळं. साहेबावर फक्त पेटी आणि दाण्याची पिशवी. आणि ह्या पोरीला बसवतो. राक्षसीण लगाम धरून पुढे चालेल, बर्फ फोडायला."

"आणि तो?"

"तो मागनं येईल."

"नको," लेक म्हणाली. एकदम म्हणाली. "तो एकटा रानात काय करेल?"

"सामान आहे सगळं त्याच्याजवळ. चूल पेटवेल. भांडी आहेत."

"त्याला काही झालं तर? मला कळणार पण नाही. मला तर परत यायला..."

"अगं, त्याला वाट माहीत आहे. जन्म गेला त्याचा ह्या वाटेवर. तू थांबलीस म्हणून तो काय तरुण होणारेय? तू त्याच्या चालीनं चाललीस तर दोघंही इथंच राहाल, आणि पलीकडची माणसं वाट बघत राहतील." मला एकदम वाट बघणारी माणसं दिसली, बाकावर बसलेली, त्यामुळे आवाज जरा चढला. "कुणीतरी वेळेवर पोहोचू दे ना ह्या घरातलं!"

घरातलं म्हणाले की गटातलं म्हणाले, आता आठवत नाही.

लेकीनं तोंडावर हात धरला आणि स्वयंपाकघरात गेली. मी मास्तरकडे बघितलं, "माझं काही चुकलं का? फासा टाकायचा असतो का आधी?" मास्तर म्हणाला, "नाही, काकू. ह्याला फासा लागत नाही." दातवाली नाक पुसत होती.

मी आत गेले. लेक ओट्याला टेकून रडत होती. म्हणाली, "आई, तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"नोकरीचं."

मग सगळं बाहेर आलं. समुद्रापलीकडे एक मोठं रुग्णालय आहे. तिथल्या प्रयोगशाळेत तिला बोलावलंय. दोन वर्षं. हे असतानाच तिनं अर्ज केला होता, ह्यांना माहीत होतं. हे गेल्यावर ती गप्प बसली, आणि आता परवापर्यंत उत्तर द्यायचं आहे. ती नाही असंच कळवणार होती.

"म्हणजे मास्तरशी लग्न नाही?" मी म्हटलं.

"कुणाचं?"

"तुझं."

ती माझ्याकडे बघत राहिली, तोंड रडवेलंच, आणि मग हसत सुटली. बाहेरून दातवाली ओरडली, "काय झालं?" लेकीनं ओरडून सांगितलं. मग बाहेरून मास्तरचा आवाज, "काकू, मला विचारायचं तरी!"

मी तिला म्हटलं, मी खरंच खेचराबद्दलच बोलत होते. ती म्हणाली, मला माहीत आहे. म्हणून तर.

म्हणून तर काय, ते तिनं सांगितलं नाही. संध्याकाळी माझ्यासमोर बसून तिनं हो कळवलं. बोट फोनवर धरून ती थांबली. मी म्हटलं, दाब. माझे हात गार पडले होते. मी ते मशीनच्या झाकणाखाली ठेवले.

पेटी वेळेवर पोहोचली. बर्फ त्यांच्या मागोमाग पडला.

२८ डिसेंबर, शनिवार

विमानतळावर मी विचारलं नाही, कधी पोहोचशील. हे बस घेऊन निघायचे तेव्हा सुरुवातीला विचारायची. हे म्हणायचे, "निघालोय, एवढं खरं." ते मी आज लेकीला म्हटलं. तिनं माझ्या खांद्यावर नाक पुसलं. लोकरीचे मोजे घालूनच गेली. इथं घामानं पाय भिजले असतील.

दातवालीनं घरी येऊन तिच्या फोनवर नकाशा लावून दिला. त्यावर छोटंसं विमान हळूहळू सरकतं. खाली समुद्र निळा. मी विचारलं, हे कोण सरकवतंय? ती म्हणाली, आपोआप. मी चष्मा लावून बघत बसले. तासाला शेकडो मैल जातं म्हणे, पण डोळ्यांना ते साहेबासारखंच चालताना दिसतं.

१२ जानेवारी

डायरी संपली म्हणून सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर आले. वार जुळत नाहीत. पानावर शुक्रवार छापलाय, आज रविवार आहे. मी शुक्रवार खोडला.

मला वाटलं होतं, आता कुणी येणार नाही. गोष्ट संपली ना. दुपारी मी मशीनवर बसले होते तर दोघं दारात. मास्तरच्या काखेत नकाशा. म्हणाला, "काकू, खेचरवाला अजून रानात आहे. त्याला तसाच ठेवू?"

"बर्फ आहे ना घाटात?"

"आहे. खालून फिरून वाट आहे, लांबची."

"किती घरं?"

मास्तर मोजायला लागला आणि मधेच थांबला. "मोजून काय करता? जेवढं होईल तेवढं."

घाटाच्या खाली एक ओढा आहे. मास्तर म्हणाला, जाऊ द्या उडी मारून, कोण बघतंय. मी म्हटलं, ओझं सगळं त्याच्याच पाठीवर आहे, उडी कसली मारतोय. तो उतार शोधेल. दातवालीनं फासा टाकला. चांगला पडला. उतार मिळाला. मी बटण बोटाखाली धरून नखभर पुढे सरकवलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती. आम्ही कुठं बसलोय ते तिनं बरोबर ओळखलं.

"आई, कुठवर आला गं तो?"

"ओढ्यापलीकडे."

"अजून ओढ्यापाशीच?"

"अगं, पायी येतोय तो," मी म्हटलं.